आज कोणतं गाव?

तीर्थरूप बाबांस, फिरतीवरच्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे. हॉटेल स्वच्छ आहे, खिडकीतून एक झाडही दिसतं. आईचे गुडघे कसे आहेत?

ऑफिसच्या डॉक्टरबाईंनी तपासलं. बीपी जरासं वाढलंय, झोप पुरत नाही, म्हणाल्या. सारखं फिरणाऱ्या सगळ्यांचंच असं होतं म्हणे. गोळी अर्धीच आहे. आईला पत्र वाचून दाखवताना एवढं गाळा.

तुम्ही फिरतीवरून आलात की सकाळी डोळे मिटूनच विचारायचात, "आज कोणतं गाव?" आई चहा ठेवता ठेवता म्हणायची, "घर आहे हो. झोपा." आम्ही भावंडं दिवसभर तुमची नक्कल करत खिदळायचो.

काल सकाळी जाग आली, तर मी कुठल्या शहरात आहे तेच आठवेना. टेबलावरच्या हॉटेलच्या पेनावर पत्ता वाचला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग तुमची ती सवय आठवली, पण हसू काही आलं नाही.

शनिवारी घरी येतेय. रविवारी सकाळी मी झोपेत काही विचारलं, तर आईच्या आधी तुम्ही उत्तर द्या.

तुमच्याच वळणावर गेलेली,
धाकटी