आत्याने लग्न अडवलं

चांदूर बाजार

तीर्थस्वरूप मोतीरामदादांना धाकट्या जानरावचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला? आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण आत्याने तसं लिहिण्याची सोय ठेवली नाही.

दादा, आमच्या आकांक्षाच्या लग्नाला तुम्ही अकोल्याला आला नाहीत, ते बरंच झालं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला आणि ऐन वेळी बँडच्या गायकाचा घसा बसला (सकाळपासून जिलबीवर आईसक्रीम हाणत होता). व्याही अडून बसले, गाणं नाही तर नवरदेव हलणार नाही. तेवढ्यात आपली माणिकआत्या, वय शहात्तर, कीर्तनाखेरीज घराबाहेर न पडणारी, सरळ पुढे गेली आणि तिने माइक हिसकावला. गायली काय, तर इंग्रजी! जॅझ म्हणतात म्हणे त्याला. घोडीने कान टवकारले आणि विहीणबाई नाचायला लागल्या. मी मेल्याहून मेल्यासारखा. बँडमधला म्हातारा क्लॅरिनेटवाला तर आत्याच्या पायाच पडला. "बाई, मुंबईच्या हॉटेलात तुमचाच बँड होता ना? गिरणीत होतो तवा मागच्या दारी उभं राहून आयकत होतो मी." दादा, बारा पुरुष हिच्या हाताखाली वाजवायचे! बाईने बँड चालवलेला त्याने त्याआधी कधी पाहिलाच नव्हता. आणि आपल्याला काय सांगितलं होतं, तर आत्या मुंबईला शिवणकाम शिकवते. (तिला साधं बटण लावता येत नाही, तेव्हाच कळायला हवं होतं.)

खरा अनर्थ पुढेच. भटजींनी "सावधान" म्हटलं, अक्षता पडल्या आणि बँड गप्प! वाजंत्री आत्याच्या हाताकडे बघत होते आणि आत्याचा हात वरच. भटजींना म्हणते, "महाराज, लय सुटली. पुन्हा म्हना." मामांनी गोंधळून अंतरपाट पुन्हा धरला. मुहूर्त टळत चाललेला, माझा जीव टांगणीला, आणि भटजी घाम पुसत पुन्हा म्हणताहेत. अखेर तिसऱ्या खेपेला तिचा हात खाली आला, बँड दणाणला, पोरीचं लग्न लागलं. तेव्हापासून मी तोंड लपवून फिरतो आहे.

आता तिने त्याच बँडबरोबर भातकुली गावच्या एका लग्नाची सुपारी घेतली आहे. या वयात हे शोभतं का, असं विचारलं, तर म्हणाली, "काहून? भावानं मले चाळीस वर्सं गप बसवलं, आता तू बसवतं का?" तुम्ही थोरले. लगेच या आणि तिला चार शब्द सांगा.

तुमचा,
जानराव

ता. क. चार शब्द राहू द्या. भातकुलीला खुळखुळा मी वाजवतो आहे. (आत्या म्हणते, माझी लय भटजींपेक्षा बरी.) आजी आजारी पडली म्हणून आत्या परत आली, तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे तिच्याच थोरल्या भावाने, तिचा बँडचा निळा कोट पेटीत घालून कुलूप लावलं होतं. ती पेटी अकोटला तुमच्या माळ्यावर आहे. तो कोट घेऊन या.

आणखी एक ता. क. किल्ली सापडली नाही तर कुलूप फोडा. मोठेबाबांना काय वाटेल, याचा विचार आपण सगळ्यांनी पुष्कळ केला.