अळणी शेंगोळी

चिंचवाडी, ता. पाथर्डी
३ डिसेंबर २०२५

प्रिय वन्सं ज्ञानेश्वरी यांना रेश्माचा स. न. वि. वि.

परीक्षेसाठी तुम्ही फोन बंद ठेवलात. चालू असतानाही 'हो, जेवले' एवढंच बोलून ठेवून द्यायचात, म्हणून आता डब्याच्या फडक्यातच चिठ्ठी बांधते. डबा स्टँडवर तुमच्याच हातात द्या, असं कंडक्टर कानिफनाथभाऊंना बजावलंय.

आई-आबा आणि तुमचे दादा श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेले. घरात मी आणि शेळ्या. टेम्पोत चढता चढता आईंनी सांगितलं, की घर कसंबी राहू दे, पोरीला तेवढी उपाशी ठिऊ नको. तेव्हा माझी नोकरी तुमच्या पोटावर आहे.

रिकामा डबा परत पाठवायचा नाही, ही तुमच्या घरची रीत मला ठाऊक आहे. पण परवा तुम्ही घातलेली चिमूटभर साखर सगळ्या बसमधल्या मुंग्या घेऊन घरी आली. आज मेथी आहे. आवडली नाही तर सांगा, मी रुसणार नाही. थोडीशीच रुसेन.

वहिनीवर जीव असू द्या.
रेश्मा

अहिल्यानगर
४ डिसेंबर

ती. सौ. वहिनींस ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मेथी छान होती. दोन पेपर झाले. कसे गेले ते सांगता येत नाही, लिहून आले.

दिवसभर पुस्तक पुढ्यात असतं. भीती वाटत नाही, वाईटही वाटत नाही. शेजारच्या खोलीतल्या मुली पेपर देऊन आल्या की रडतात. त्यांचं बरं आहे, असं मनात येतं.

जेवण वेळेवर चालू आहे, काळजी नसावी. साखर या वेळी पुडीत बांधलीय.

आपला लोभ आहेच, तो राहावा.
ज्ञानेश्वरी

चिंचवाडी
९ डिसेंबर

प्रिय ज्ञानूताई, स. न. वि. वि.

काल तुमच्यासाठी हुलग्याची शेंगोळी केली. लसूण वाटला, पीठ मळलं, तेवढ्यात शेळी सुटली आणि मी तिच्यामागं पळाले. बस गेल्यावर माझ्या ताटात वाढून घेतली, तर पार अळणी! मीठ टाकायलाच विसरले होते. आता तुम्ही चांगलं सुनावणार, म्हणून दिवसभर तयारीत बसले.

संध्याकाळी डबा आला. घासून लख्ख, साखरेची पुडी, आणि चिठ्ठीत लिहिलेलं, की शेंगोळी फार चवदार झाली, सगळी संपवली. आधी मला हसू आलं. मग चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली.

माझं मन राखायला लिहिलं असेल तर तसं सांगा. नाहीतर खरं सांगा, डबा कोण खातं? आईंचा फोन आला होता. पोरगी जेवती का, म्हणून विचारत होत्या. मी व्हय म्हणून बसलेय.

रागावू नका, पण उत्तर द्या.
तुमची रेश्मा

अहिल्यानगर
१० डिसेंबर

सौ. रेश्मावहिनींना दिशाचा नमस्कार.

मी ज्ञानेश्वरीच्या खोलीत राहते. तुमची कालची चिठ्ठी मी वाचली. तिने उत्तर लिहिलं नाही, म्हणून तिला न सांगता मीच फडक्यात ही बांधतेय. वहिनी, दिवाळीनंतर तुमचा डबा मीच खाते. ती झाकण उघडते, बघत बसते आणि माझ्याकडं सरकवते. नंतर स्वतः घासते, साखर घालते. तिचं सगळं चहा-बिस्किटावर चाललंय. बिस्किटही बुडवते आणि हातात तसंच धरून ठेवते.

आज पेपरला जाताना जिन्यातच खाली बसली, डोळ्यांपुढं अंधारी आली. पेपर दिला, मग मी दवाखान्यात नेलं. अशक्तपणा फार आहे, पोटात अन्न गेलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. ती हो म्हणाली आणि येऊन झोपली. शेवटचा पेपर सोमवारी आहे.

शेंगोळी अळणीच होती. मी वरून मीठ घेतलं. आधीच कळवायला हवं होतं, माफ करा.
दिशा

चिंचवाडी
११ डिसेंबर

प्रिय ज्ञानूताई, स. न. वि. वि.

दिशाचं पत्र आलं. तिला बोलू नका. मी रागावले नाही, असं लिहिणार होते, पण रागावले आणि रडलेसुद्धा. आईंना सांगितलेलं नाही. कळलं तर त्या कोयता टाकून येतील, आणि तुम्ही त्यांनाही जेवते म्हणून सांगाल.

आज दोन डबे आहेत. मोठा दिशाचा. छोट्यात तुमची अर्धी भाकरी आणि ठेचा. पोटभर खा म्हणत नाही, जाईल तेवढं खा. राहील ते तसंच माघारी पाठवा. घासायचं नाही, साखर घालायची नाही, रीत काय ती मी बघून घेईन. मला तुमचा उष्टा डबा पाहायचाय.

पेपर राहिला तर पुन्हा देता येईल. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?

वाट बघते.
रेश्मा

अहिल्यानगर
११ डिसेंबर, संध्याकाळ

ती. सौ. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

भाकरी सगळी गेली नाही. थोडी खाल्ली. दिशा समोर बसली होती, तीच रडली. मला रडू आलं नाही.

सोमवारचा पेपर देईन असं वाटतं. नक्की सांगत नाही. डबा तुम्ही म्हणालात तसाच पाठवतेय. उष्टा डबा कानिफनाथभाऊंच्या हातात देताना लाज वाटली. उरलेली भाकरी शेळीला घाला.

लोभ कमी होऊ देऊ नका.
ज्ञानू

ता. क. ठेच्यात मीठ जास्त झालंय.