तासभराची लेन्स

भिलाई, मंगळवार, नोव्हेंबर १९९८

नागपूरहून हात हलवत परत आलो. डॉक्टरांनी बजावलं होतं, चष्मा घालवायच्या लेझरसाठी डोळे मोजायच्या आधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स घालायची नाही, त्यानं बुबुळाचा आकार बदलतो. मी चष्म्यावरच होती. पण रविवारी मोहन नगरचे लोक मले पाहाले आले, अन् आई म्हणे, "तासभर लेन्स घाल. चष्मा दिसला तर नकार येईल." पाहुणे जेवून संध्याकाळी गेले. मुलाचा चष्मा माझ्याहून जाड. त्याले तो लपवावा लागत नाही, मलेच कावून? आज डॉक्टरांनी विचारलं, मी खरं सांगितलं. आता पुन्हा दोन आठवडे.

गाडीत आई म्हणते, "या रविवारी उतईचे पाहुणे येऊन राहिले. तासभरच घाल."

मी लेन्सची डबी तिच्याच हातात ठेवली. म्हटलं, "तूच घाल, अन् या वेळी मुलगा नीट पाहून घे."