हिराओकासाहेबांचा नकार

धामणकर नाका, भिवंडी
रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप काळूराममामांना भाचा भावेशचा साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असणार असं धरून चालतो, कारण परवा आईने फोन लावला तेव्हा तुम्ही शेतातून असे ओरडत होतात की खारबावचा आवाज फोन नसता तरी इथे नाक्यावर ऐकू आला असता. मामींचा गुडघा आता कसा आहे? इथे आम्ही सगळे सुखरूप आहोत. हा शब्द सवयीने लिहिलेला नाही, मामा. गेल्या आठवड्यात तो हातचा जाता जाता राहिला. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही 'बरं, ठेव' म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही.

मी पडघ्याच्या गोदामात मॅनेजर आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तुम्ही गावात 'भाचा हमाली बघतो' म्हणून सांगता, तेही माझ्या कानावर आलं आहे.) गोदाम चालवणारी कंपनी हॉलंडची. आतला निम्म्याहून जास्त माल एका जपानी कंपनीचा, म्हणजे त्यांच्या कापड विणायच्या लूमचे सुटे भाग. आणि तो उतरवणारे, मोजणारे, हरवलेला शोधणारे आपण. तर या हॉलंडच्या कंपनीने व्हिलेम नावाचे नवे साहेब पाठवले. उंच, गोरेपान, मनाचे निर्मळ आणि जिभेला ब्रेक नाही. आल्या आल्या त्यांनी पुण्याहून एका बाईंना बोलावून आम्हाला देशोदेशीच्या संस्कारांचं शिक्षण दिलं. पडद्यावर प्रत्येक देशाचा एकेक उभा पट्टा. वरिष्ठांपुढे मान खाली घालण्यात भारताचा पट्टा उंच आणि हॉलंडचा बुटका. धोका टाळण्यात जपानचा पट्टा पडदा सोडून वर जायच्या बेतात. बाई म्हणाल्या, हे समजून घेतलं नाही तर धंदा बुडतो. मी मान डोलावली. (भारताचा पट्टा का उंच आहे ते लगेच सिद्ध झालं.)

व्हिलेमसाहेबांना तो उंच पट्टा फार लागला. त्यांनी फर्मान काढलं की मला कोणी साहेब म्हणायचं नाही, नुसतं व्हिलेम म्हणा. गेटवरच्या दौलतकाकांना ते जमेना. त्यांनी दोन दिवस विचार करून 'व्हिलेमशेठ' काढलं, आणि ते गोदामभर रुळलं. दुसरं फर्मान असं की सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाने माझी एक चूक सांगायची. सगळे फरशीकडे बघत बसले. शेवटी स्टॉक सांभाळणारी रीमा उठली आणि म्हणाली, सर, तुमचा डबा बघवत नाही. (ते रोज पावाच्या दोन चकत्यांत चीज घालून, उभ्याउभ्या, कॉम्प्युटरकडे बघत खातात.) साहेबांनी हे मनापासून लिहून घेतलं. आमच्या व्यवस्थापनात खुली चर्चा सुरू झाली ती अशी.

इतपत ठीक होतं. पण गेल्या आठवड्यात जपानी कंपनीचे हिराओकासाहेब आले, करार पुढे चालवायचा की नाही ते ठरवायला. बरोबर त्यांचा एक तरुण इंजिनियर. हिराओकासाहेब म्हणजे वयाने तुमच्याएवढे, शांत, टापटीप. त्यांनी रॅकच्या नव्या मांडणीचा नकाशा टेबलावर असा पसरला, जसा आपण देवापुढे पाट मांडतो. व्हिलेमसाहेबांनी त्यावर बोट टेकवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, हे चुकलंय, रस्ता एवढा रुंद ठेवला तर रॅक कोपऱ्यात दाटतात आणि तिथे फोर्कलिफ्ट वळणारच नाही. बोलले ते खरं होतं. पण तो तरुण इंजिनियर पटकन खिडकीबाहेर बघायला लागला, आणि हिराओकासाहेबांनी दातांतून हवा आत ओढली, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले, थोडं अवघड आहे, आम्ही नीट अभ्यास करू. व्हिलेमसाहेबांनी त्यांचा हात धरून खूप वेळ हलवला, आणि पाहुणे हॉटेलवर गेल्यावर मला म्हणाले, छान झाली मीटिंग, काम फक्त थोडंच अवघड आहे!

मला मात्र कळून चुकलं. मामा, तुम्ही तालुक्यातली एवढी लग्नं जमवलीत, मी लहानपणापासून तुमच्याबरोबर बैठकांना बसलोय. 'पत्रिका बघून कळवतो' म्हणत पाहुणे उठले की तुम्ही रस्त्यातच दुसरं स्थळ शोधायला लागता. हिराओकासाहेबांनी जपानी पद्धतीने पत्रिका बघायला नेली होती. ती कंपनी गेली की निम्मं गोदाम रिकामं. मग रीमा, दौलतकाका, पडघ्याची सगळी पोरं आणि गोरखपूरहून आलेले लोडर, कोणाकोणाला काय सांगायचं?

मी व्हिलेमसाहेबांना सांगितलं की ते नाही म्हणाले.

"कधी? मी तिथेच होतो."

"अवघड आहे म्हणाले ना, तेच."

"नाही म्हणायचं होतं तर नाही का म्हणाले नाहीत?"

"तुमचा मान ठेवला, सर."

"मान ठेवायचा असता तर खरं बोलले असते!"

आणि त्यांनी सरळ विचारून टाकतो म्हणून फोन उचलला. आता सरळ विचारलं असतं तर सरळच संपलं असतं. मी घाईघाईने म्हणालो, उद्या ते विमानतळाकडे निघायच्या आधी त्यांना घेऊन माझ्या घरी जेवायला या. का, ते मलाही माहीत नव्हतं. आपल्याकडे बिनसलेलं स्थळ पुन्हा बोलतं झालंच तर जेवणावर होतं, एवढंच डोक्यात होतं.

तुमच्या बहिणीला, म्हणजे आईला, फक्त एवढं सांगितलं की परदेशी पाहुणे येतायत आणि माझी नोकरी त्यांच्या हातात आहे. तिने खाडीतला मासा, तोही जिताडा, मिळवला (कसा, ते विचारू नका), कालवण केलं, आणि तुमची भाचेसून सुकन्या तांदळाचे वडे तळायला बसली. आणि मग जे झालं ते पुण्याच्या बाईंच्या एकाही पट्ट्यात नव्हतं. हिराओकासाहेबांच्या संस्कारात ताटात शीतही टाकायचं नाही. आईच्या संस्कारात पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढायचं. त्यांनी ताट स्वच्छ केलं, आईने दोन वडे टाकले. त्यांनी तेही संपवले, वाकून नमस्कार केला. आईने त्याचा अर्थ 'आणखी' असा घेतला. व्हिलेमसाहेब, मी, तो इंजिनियर, सगळे हात थांबवून बघत होतो. हिराओकासाहेबांच्या कपाळावर घाम, तरी चेहऱ्यावर हसू तसंच. मी आईला खुणा केल्या, तर ती म्हणाली, "गप रं. मानूस भुकेला हाय, तोंडानं बोलत न्हाय एवढंच."

आईने कालवणाची वाटी पुन्हा पुढे केली आणि हिराओकासाहेबांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. म्हणाले, "नो!" मग आणखी मोठ्याने, "नो! प्लीज! नो!"

इंजिनियरचा चेहरा पांढरा पडला. मग त्याच्या नाकातून हसू फुटलं, ते आवरेना, आणि त्याच्यामागोमाग खुद्द हिराओकासाहेब असे हसायला लागले की चष्मा काढून डोळे पुसले. व्हिलेमसाहेब म्हणाले, पाहिलंस, येतं यांना! आणि एकदा पहिला नकार बाहेर पडल्यावर दुसराही अडून राहिला नाही. हिराओकासाहेब हळूच म्हणाले, रॅकचंही नो आहे, रस्ता अरुंद करणार नाही. मग थांबून सांगितलं: त्यांच्या तिकडच्या गोदामात अरुंद रस्त्यावर त्यांचा एक माणूस फोर्कलिफ्टखाली सापडून पायाने अधू झाला. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक नकाशात रस्ता रुंद असतो.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" व्हिलेमसाहेबांनी विचारलं.

"तुमचं 'चूक' म्हणून झालं होतं," ते म्हणाले. "का, ते विचारलं नव्हतंत. आणि तेही या इंजिनियरदेखत. हा माझ्या हाताखाली शिकतो."

व्हिलेमसाहेबांनी हातातला वडा खाली ठेवला. मग सगळ्यांसमोर, त्या पोराकडे बघून, म्हणाले की मी आधी विचारायला हवं होतं. पुढचा अर्धा तास दोघांनी ताटात वड्यांचे रॅक मांडले आणि वाटीची फोर्कलिफ्ट फिरवली. शेवटी रस्ता रुंदच राहिला, कोपऱ्यातला एक रॅक तेवढा मागे सरकला. काल करारावर सही झाल्याचा मेल आला, मामा. गोदामात मी पेढे वाटले, आणि किती दिवसांनी रात्री स्वस्थ झोपलो.

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
भावेश

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. या सगळ्याने खूश होऊन व्हिलेमसाहेबांनी मला दोन वर्षांसाठी हॉलंडला यायचं विचारलं आणि मी 'हो, बघू या, सर' म्हणालो. त्यांनी तिकिटाची चौकशीही सुरू केली आहे. मला जायचं नाही हो, मामा. तिथे डब्यात ते चीज. तर तुम्ही घरातले वडीलधारे या नात्याने, भाच्याला समुद्रापार पाठवायला आमची ना आहे, असं एक कडक पत्र मला लिहाल का? म्हणजे ते दाखवता येईल.

ता. क. २ : पत्र लिहू नका. हे सगळं सुकन्याने वाचलं आणि माझ्यासमोरच फोन लावून साहेबांना सांगितलं की यांना यायचं नाहीये. ते म्हणाले, ठीक आहे, स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार. संपलं! जीव भांड्यात पडला. पण मामा, इतक्या पटकन ठीक आहे? एकदाही 'अरे ये ना' नाही? निदान तुम्ही तरी एक फोन करून 'जायला पाहिजे होतंस, वेड्या' असं म्हणा. मी नाहीच म्हणेन. पण दोन-तीनदा म्हणा.