डाव्या गालाची हळद

रविवार, सांज

आज नणंदेच्या हळदीत लय भ्या वाटत हुतं. कुणी डाव्या गालाला हात लावला तर? त्या गालाची शीर दुखती, नुसता वारा लागला तरी करंट बसल्यागत कळ येती. त्यापायी माझ्या तान्ह्या चिऊलाबी त्या गालाशी कवा धरलं न्हाई.

"लाजतीस काय गं, तू नवरी हाईस व्हय?" म्हणत जाऊबाईंनी डाव्याच गालाला हळद फासली! डोळं गच्च मिटून कळंची वाट बघितली. आलीच न्हाई!

कुंडलच्या वैद्यबाई ह्या कळंवर नाकात तेल सोडत्यात, त्याचा गुण का डॉक्टरच्या गोळ्यांचा? गोळ्या सोडू नगंस, आसं वैद्यबाईच म्हणल्यात. उद्या कळ परत आली तर? भ्या हायच. पर आता चिऊचा गालबी पिवळा झालाय, माझ्या डाव्या गालाच्या हळदीनं.