ओव्याचं पाणी आणि नवे डॉक्टर

सोम., ३ नोव्हें.
जुन्या डॉक्टरबाई शेवटी गेल्याच. मुलाकडे, पुण्याला, कायमच्या. दवाखान्याला कुलूप, फोन लागत नाही. वजनाचं इंजेक्शन संपून महिना होत आला. भूक परत आलीय, नि वर्षाची उधारी वसूल करतेय. आज शाळेत मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा संपवून शेजारच्या बाईंच्या डब्याकडे बघत बसले. कंटाळा आलाय या शरीराचा.

गुरु., ६
द्वारका चौकाजवळचे नवे डॉक्टर. आधी ट्रॅफिक, मग बाक. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा: वजन, शुगर, गुडघे, बाळंतपण. "गॅप पडलाय. परत लहान डोसपासून." रडूच आलं. वर, "घरी स्वयंपाक कोण करतं?"
"सासूबाई."
"मग त्यांना घेऊन या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी सुरू करत नाही."
झालं! आईंना इंजेक्शनचं माहीतच नाही. नवऱ्याला तेवढं ठाऊक.

रवि., ९
विहारात वंदना झाल्यावर आईंभोवती बायकांचा घोळका. सूनबाईंचं वजन त्यांच्या ओव्या-जिऱ्याच्या पाण्यानं उतरलं, हे अख्ख्या कॉलनीला पाठ. पिते की मी ते रोज, उपाशीपोटी. खोटं कुठे बोलले? फक्त गप्प बसले.
आज एकीनं विचारलंच, "काय गं, परत भरलीस का?" आईंचा चेहरा एवढासा झाला.

मंगळ., ११
मिलिंद सातपूरच्या कंपनीतून शिफ्ट करून घरी आला. म्हटलं, आईंना सांगू या आता.
"आईला जन्मात पहिल्यांदा कुणी चार गोष्टी विचारतंय. राहू दे ना."
मग इंजेक्शन?
"दुसरा डॉक्टर बघ."
दुसरा! हा शोधेपर्यंत जीव गेला माझा. गुडघे माझे, मान आईंचा, सल्ला याचा. चिडून दोन चपात्या जास्त खाल्ल्या. मग स्वतःवरच चिडले.

शुक्र., १४
जिना चढताना मध्येच बसावं लागलं. बरेच महिने असं झालं नव्हतं.
आईंनी पाण्यात मेथी वाढवली, काल दालचिनी. सकाळी पातेल्यापाशी उभ्या, स्वतःशीच पुटपुटत, "माझंच कायतरी चुकतंय."
ऐकवेना. म्हटलं, "आई, माझ्यासोबत डॉक्टरांकडे याल?"
"येते की." कशाला, ते विचारलंही नाही.

सोम., १७
दवाखान्यात बसून लिहितेय. रिक्षात सांगायचं ठरवलं होतं. द्वारका आली तरी तोंड उघडलं नाही.
आईंनी ठेवणीतली साडी नेसलीय. आत्ता पिशवीतून बाटली काढली, तेच पाणी, सांडू नये म्हणून झाकणाला फडकं बांधलेलं. "डॉक्टरांना दाखवते. काय कमी पडतंय, ते सांगतील." बाटली मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली.
आत एकच पेशंट आहे. आता तरी बोलायला हवं. काही कमी पडत नाहीये आई, तुमचं काही चुकलेलं नाही, एवढं तरी...
नाव पुकारलं. आई माझ्याआधी उठल्यासुद्धा, बाटली घेऊन.