पाण्यात काय टाकतात

३ मार्च
साडूंना वाचवायचं ठरवलं. त्यांच्या मते नळाच्या पाण्यात माणसं मवाळ करणारं औषध टाकतात. म्हटलं, अहो, टाकीवर जंतू मारायची पावडर मीच टाकतो, वीस वर्षं. म्हणाले, तुम्हाला तरी कुठे सांगितलंय काय टाकताय ते! हसलो. बिचारे घरी विहिरीचं पाणी भरतात, उकळून सासूबाईंनाही तेच पाजतात.

५ मार्च
असले समज का होतात, यावर चिंतन. निष्कर्ष: आपल्याला कुणी विचारत नाही, हे माणसाला पचत नाही. त्यापेक्षा कुणीतरी आपल्या वाईटावर टपलंय, हे बरं. देवावरचा विश्वास वेगळा. हिला हे ऐकवलं. म्हणाली, आधी हात धुवा, पावडरीचा वास येतोय.

९ मार्च, दुपार
पावडरच्या पिंपावरच्या लेबलचा रंग बदललाय. का? साहेबांना विचारलं. म्हणाले, कामं नाहीत का? उत्तर टाळलं!

१० मार्च
साहेबांना मी कधी उलट बोललो नाही. हिच्यापुढे ब्र काढत नाही. आणि पाणी याच टाकीचं पितो.

११ मार्च
साडूंचा भ्रम शास्त्रीय पद्धतीने घालवणार. देवाला हात जोडले, पावडर टाकली नाही. फक्त प्रयोगापुरतं.

१२ मार्च
सकाळीच हिने फैलावर घेतलं. साहेब खेकसले. एरवीही खेकसतात, पण आज धार निराळी. पुरावा! प्रयोग वाढवला. ही म्हणाली, कपड्यांना वास कसा नाही? म्हटलं, वाऱ्याने गेला.

१५ मार्च
सगळ्या वस्तीची पोटं बिघडली. माझंही. हिला दवाखान्यात सलाईन. देवाला नवस बोललो. पावडर पुन्हा सुरू केली, कुणाला न सांगता. साहेबांनी विचारलं, रोज टाकता ना? अत्यंत मवाळपणे हो म्हटलं.

१७ मार्च
ही घरी आली. अशक्त, पण नजर शाबूत. साडू भेटायला आले, ठणठणीत. सासूबाईही ठणठणीत. म्हणाले, पाण्यात मुद्दाम घोळ केलाय, आतलाच माणूस आहे. मी शांतपणे समजावलं, असं काही नसतं. म्हणाले, तुमच्यासारख्या भोळ्यांमुळेच त्यांचं फावतं.

जाताना उकळलेल्या पाण्याची कळशी ठेवून गेले. हिने पेला भरून माझ्यापुढे धरला. म्हणाली, प्या, इथे तुमची ड्यूटी नव्हती.

निमूट प्यालो.